पानावर पंप चालू आहे

वैशाखऱ्याजवळ माळशेजच्या रस्त्याला लागून असलेल्या पाड्यावरचा हातपंप चैत्रात बंद पडला. पाणी समितीची अध्यक्ष म्हणून हौसाबाई तक्रार घेऊन मुरबाडच्या कचेरीत गेली. तिथल्या कारकून प्रणितने अर्ज न वाचताच संगणकावर पाणीयोजनेचं पान उघडलं. तिच्या पंपासमोर हिरवा ठिपका होता आणि शब्द होता: चालू. चालू पंपाची तक्रार घेण्याची तरतूद नसल्याचं त्याने नम्रपणे सांगितलं.

"अरे, पण त्याला पाणी नाय," हौसाबाई म्हणाली.

"मावशी, हे पान क्लाउडवरून येतं. दरवेळी नवी माहिती आणायला वेळ लागतो, म्हणून एकदा आणलेलीच जपून ठेवतात नि तीच दाखवतात. त्याला कॅश म्हणतात."

कॅशच लागत असेल तर पाड्यावर वर्गणी काढू, असं तिने सुचवलं. प्रणितने घाबरून मागेपुढे पाहिलं आणि ही कॅश तसली नव्हे, हे हळू आवाजात समजावलं. ही आपोआप बदलते. कधी, ते तिचं तिलाच ठाऊक.

आठ दिवस बायकांनी टेकडीपलीकडच्या झऱ्यावरून हंडे वाहिले. नवव्या दिवशी हौसाबाईने गाड्या दुरुस्त करणाऱ्या धाऊला धरून आणलं. त्याने नवा वायसर बसवला, पंप खडखडला आणि पाणी आलं. त्याच दुपारी कॅश बदलली. ठिपका लाल झाला: बंद.

दुसऱ्याच दिवशी कचेरीतले साहेब जीपने तपासणीला आले. पाच बायका पाणी भरत होत्या. 'नादुरुस्त पंपाचा अनधिकृत वापर' असा शेरा त्यांनी लिहिला. उन्हाने जीव कासावीस झाला होता, म्हणून त्यांनी हौसाबाईने दिलेला तांब्या घटाघटा रिकामा केला.

"पाणी गोड आहे," ते प्रामाणिकपणे म्हणाले, "पण नोंद नाही."

"मग तुमी प्यायलात त्याची नोंद कुठं करायची, साहेब?"

साहेबांनी तांब्या परत दिला आणि पंपाला सील न ठोकताच ते निघून गेले. शेरा मात्र ठेवला.

ठिपका अजून लाल आहे आणि पाड्याला पाणी भरपूर आहे. घाटाकडे निघालेले शहरातले लोक तहानेने गाडी थांबवतात. समोर धार वाहत असते. ते मोबाइलवर ते पान बघतात, 'बंद आहे' म्हणतात आणि बाटली विकत घ्यायला पुढे निघतात.

मागच्या रविवारी त्यांत तुम्हीही होतात. हौसाबाईने हाकही मारली होती.