जमिनीखालचं विमान

होरेस पिटमनच्या क्षेपणास्त्राने शुक्रवारी सकाळी संगणकाच्या पडद्यावर एकदाचं विमान पाडलं आणि अलाबामातल्या हंट्सव्हिलच्या त्या कचेरीत टाळ्या वाजल्या. तोवर दर वेळी नेम थोडक्यात चुकत होता. त्या दिवशी लष्कराचे कर्नल बीझली येणार होते, आणि त्यांना काही दाखवता आलं नाही तर सगळं काम त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांकडे, टेक्सासवाल्यांकडे जाणार होतं.

"होरेस, कमाल केलीस!" विभागप्रमुख लोरेटा म्हणाली. "कर्नलना आत्ताच बोलावते. बार्बेक्यूही मागवते."

"थांब जरा, आकडे बघू दे एकदा."

"लागलं की नाही?"

"लागलं."

"मग बघायचंय काय डोंबल!"

तिने फोन उचलला. होरेसने आकडे उघडले आणि उंचीच्या रकान्यावर तो थबकला. या धंद्यात खालची दिशा अधिक धरतात, म्हणून उंची लिहिताना आधी उणे चिन्ह द्यावं लागतं. विमानाच्या उंचीला ते द्यायचं तो विसरला होता. विमान आपलं जमिनीखालून निवांत उडत होतं आणि क्षेपणास्त्र त्याच्या मागे लागलं होतं. मध्ये जमीन असते, हे संगणकाला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या हिशेबात खाली हवा आणखी दाट. पंखांना अशी पकड मिळाली की नेम चुकायचं नावच नाही.

त्याने चिन्ह सुधारून पुन्हा चालवून पाहिलं आणि तो जेवणाच्या खोलीकडे धावला. तोवर कर्नल येऊन ताट भरून बसले होते.

"साहेब, ते विमान जमिनीखाली होतं."

लोरेटाने डोळे मिटून घेतले. कर्नलचा घास हातातच राहिला.

"मध्ये जमीन नाही लागली?"

"घालायची राहिली, साहेब."

"अख्ख्या अलाबामाची?"

"हो. आता दुरुस्त केलंय. पण नेम चुकतोय, थोडक्यात."

कर्नलनी घास ताटात ठेवला. त्यांनी बॅगेतून एक कागद काढला. "टेक्सासवाल्यांचंही लागलंय म्हणे. बघ बरं."

होरेसने उंचीच्या रकान्यावरून बोट फिरवलं. उणे चिन्ह औषधालाही नव्हतं.

"साहेब, यांचंही खालीच."

"अरे देवा! मी त्यांच्या मेजवानीत भाषण ठोकलं, दोनदा वाढून घेतलं!" कर्नलनी कागद चुरगाळला. "काम इथेच राहू दे. तू निदान सांगितलंस तरी."

मग त्यांनी राहिलेला घास तोंडात टाकला.

"तिथे लागल्याचं खाल्लं, इथे चुकल्याचं खातोय," ते चावत म्हणाले. "चुकल्याचंच चवदार आहे."