शिल्लक पाहुणा

साहेबाच्या मेजवानीत जो पाहुणा खर्ची पडला नाही, तो मार्चअखेर खजिन्यात जमा करावा, असा इंग्रज सरकारचा नियम होता, आणि त्या साली गुलाबराव निकम जमा झाले. मी जिल्ह्याचा खजिनदार, म्हणून पावती मीच फाडली.

चूक साहेबाची. आदरातिथ्याचा भत्ता संपवायचा म्हणून त्यानं ऐन एकादशीला मेजवानी ठेवली आणि त्याला तसं सांगायची एकाचीही छाती झाली नाही. बाकीच्या मंडळींनी निमूटपणे कोंबडीवर ताव मारला. गुलाबराव माळकरी, ते पाण्याच्या पेल्यालाही शिवले नाहीत. त्यांच्या वाट्याची रक्कम शिल्लक राहिली आणि रकमेबरोबर तेही.

माणूस मोठा गोड. नाण्यांच्या थैल्यांवर बसून पहाटे अभंग म्हणत, तेव्हा पहारेकरी बंदूक खाली ठेवून ऐकायचा. तक्रार म्हणून एकदाच बोलले, "खजिनदार, घरी ही एकटीच आहे हो." मला फार वाईट वाटलं.

मग त्यांच्या पत्नी द्वारकाबाई स्वतःच कचेरीत आल्या.

"यांना कधी सोडता?"

"जमा झालेलं सोडता येत नाही, बाई. वरून मंजुरी लागते, आणि ती काही येत नाही."

"मग मला तरी आत जाऊ द्या."

"बाहेरच्या माणसाला मनाई आहे."

"आणि जमा झालेल्या माणसाला?"

मी नियमांचं पुस्तक उघडलं. ते चाळून होईपर्यंत बाई थांबल्याही नाहीत.

पुढच्या साली निकमांच्या घरी सपत्नीक आमंत्रण गेलं, कारण जुनी यादी कोण बदलतो! मार्चच्या शेवटच्या दुपारी बाई एकट्या आल्या. या खेपेला तिथी पाहून श्रीखंड-पुरीचा बेत होता. बाई हात मांडीवर ठेवून ताटासमोर बसून राहिल्या. साहेबानं जातीनं आग्रह केला.

"पोट भरलंय," त्या म्हणाल्या. चेहरा तर उपाशी माणसाचा होता.

संध्याकाळी मी त्यांची पावती फाडली आणि खजिन्याचं दार उघडलं. गुलाबराव थैल्या बाजूला सारून जागा करू लागले.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

बाईंनी पदराआडून दशम्यांचं फडकं काढलं. "आता जेवू," म्हणाल्या.

घरचं अन्न सरकारी खर्चात धरत नाहीत. मी दार ओढून घेतलं आणि कुलूप घातलं.