गुणाजी अस्वलाचं जिम्नेशियम

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही होतं. फक्त जिम्नेशियम नव्हतं.

ते नाही, हे बरीच वर्षं कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. पण एकदा तिथले राजे, भैरव वाघ, शेजारच्या जंगलात सिंहाकडे जेवायला गेले. जेवताना सिंह सहज म्हणाला, "आम्ही यंदा जिम्नेशियम काढलं." भैरव महाराज "वा, वा" म्हणाले. ते काय असतं, हे विचारायची त्यांना लाज वाटली.

घरी आल्यावर त्यांनी साळिंदर प्रधानांना बोलावलं. "आपल्यालाही जिम्नेशियम हवं. सिंह आपल्याकडे जेवायला येईल तेव्हा तयार दिसलं पाहिजे."

"अवश्य महाराज," प्रधान म्हणाले. ते काय असतं, हे प्रधानांनाही ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी ते काम गुणाजी अस्वलावर सोपवलं.

गुणाजी दांडगा होता, पण त्याने कधी कुणाला ओरबाडलं नव्हतं. पहाटे गुहेपुढे जोर काढायचा आणि जमतील त्या पोरांना कुस्तीचे डाव शिकवायचा.

"नीट झालं तर तिथला वस्ताद तू," प्रधान म्हणाले. "नाही झालं तर तू जंगलाबाहेर."

गुणाजी तळ्यावर गेला. थंडीत तिथे लांबलांबचे पक्षी उतरायचे. त्यात एक बदक इंग्लंडहून आलं होतं. गुणाजीने त्याला हात जोडून विचारलं.

"जिम्नेशियम होय," बदक म्हणालं. "म्हणजे व्यायामशाळा. दोर, उड्या, कोलांट्या. लांबूनच घामाचा वास आला की समजायचं, आलं जिम्नेशियम."

गुणाजीला इतका आनंद झाला की त्याने बदकाला मधाचं अख्खं पोळं दिलं. बदकाला मध आवडत नव्हता, पण ते सभ्य होतं. त्याने घेतलं.

गुणाजीने हौद खणला, लाल माती भरली, मल्लखांब रोवला आणि वडाच्या पारंब्यांचे दोर टांगले. वानरं दोरांवर चढली. रानडुकरांची पोरं मातीत लोळू लागली. ती आधीही लोळायचीच, पण आता त्याला व्यायाम म्हणू लागली.

तेवढ्यात तिथून एक करकोचा चालला होता. तो जर्मनीचा.

"हे काय चाललंय?" त्याने विचारलं.

"जिम्नेशियम," गुणाजी म्हणाला.

करकोचा चोच वाजवत पुष्कळ वेळ हसला. "अहो, माझं घरटं जिम्नेशियमच्या धुराड्यावर आहे. मला विचारा. आमच्याकडे ती शाळा असते. हुशार मुलांची. तिथे लॅटिन शिकवतात. घाम येतो, पण परीक्षेत."

ही बातमी प्रधानांच्या कानावर गेली आणि त्यांचे काटे उभे राहिले. सिंहासमोर महाराजांची अब्रू जायची. त्यांनी मल्लखांब उपटायला लावला आणि त्याच लाकडाचा फळा केला. करकोचा मास्तर झाला. रानडुकरांची पोरं लॅटिनला बसली. गुणाजीला शिकवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून त्याला घंटा वाजवायला ठेवलं.

बदकाला हे कळल्यावर ते तणतणत दरबारात आलं. "व्यायामशाळा," ते म्हणालं. "शाळा," करकोचा म्हणाला. दोघांनी एकमेकांची पिसं उपटली.

"थांबा," प्रधान म्हणाले. "हा शब्द मुळात कुणाचा?"

"ग्रीकांचा," दोघेही म्हणाले. एवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचं पटलं.

तळ्यावर ग्रीसचा एक म्हातारा झोळीवाला पक्षी यायचा. त्याच्या चोचीखाली मोठी झोळी होती आणि झोळीत मासा होता. गुणाजी त्याच्याकडे गेला. मासा गिळून होईपर्यंत थांबला.

"शब्द आमचाच," म्हातारा म्हणाला. "गुम्नोस म्हणजे नागडा."

"काय?" गुणाजी म्हणाला.

"नागडा. आमच्याकडे फार पूर्वी तरुण मंडळी अंगावर चिंधीही न ठेवता व्यायाम करायची. म्हणून त्या जागेचं हे नाव. तिथेच सावलीला विद्वान गप्पा मारत बसायचे. पुढे इंग्रजांनी त्यातल्या उड्या नेल्या आणि जर्मनांनी विद्वान नेले."

"आणि नागडेपणा?"

"तो कुणी नेला नाही."

"आता तुमच्याकडे जिम्नेशियम कशाला म्हणतात?"

"शाळेला," म्हातारा म्हणाला. "मुलं कपडे घालून जातात." आणि तो दुसरा मासा शोधू लागला.

गुणाजीने हे येऊन सांगताच प्रधान खूश झाले. मूळ अर्थ सापडला होता. आता त्याबरहुकूम करायचं.

गुणाजीने स्वतःकडे पाहिलं, मग प्रधानांकडे पाहिलं. "पण प्रधानजी, आपण सगळे नागडेच आहोत की."

"हीच तर अडचण आहे," प्रधान म्हणाले. "सिंहाला कळणार कसं, जंगल कुठे संपलं आणि जिम्नेशियम कुठे सुरू झालं?"

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली. सर्वांनी कपडे घालावेत. जिम्नेशियमच्या दारात काढावेत.

सुगरण पक्षी विणायला बसले. गव्याला धोतर मिळालं, हरिणींना लुगडी, सशांना बंड्या. वानरांच्या चड्ड्यांना शेपटीसाठी भोकं ठेवली. प्रधानांचा सदरा घालता घालताच फाटायचा. गुणाजीला लाल लंगोट मिळाला.

पहिल्यांदा सगळ्यांना खाज सुटली. मग हरिणी एकमेकींच्या पदराचे काठ बघू लागल्या. गवा चिखल टाळून चालू लागला.

जिम्नेशियम उघडायचा दिवस आला. दारात कपडे टांगायला खुंट्या होत्या. गवा धोतराची गाठ धरून उभा राहिला.

"आधी तू," तो वानराला म्हणाला.

"छे, तुम्ही मोठे. तुम्ही आधी."

"इथे बायामाणसं आहेत," गवा म्हणाला आणि दोन पावलं मागे सरला.

"आई रागावेल," म्हणत रानडुकरांची पोरं पळाली.

शेवटी गुणाजीने स्वतःच्या लंगोटाला हात घातला. गाठ काही सोडवेना. त्याला आपलंच नवल वाटलं. इतकी वर्षं तो या केसाळ अंगानिशी हिंडला, ओढ्यात उताणा पडून डुंबला. आज त्याचे कान गरम झाले होते.

त्याच वेळी सिंह आला. तो अर्थातच नागडा होता.

सगळ्या जंगलाने माना फिरवल्या. एका सशाने डोळे मिटून पंचा पुढे केला. सिंहाने गोंधळून तो गुंडाळला आणि भैरव महाराजांबरोबर जिम्नेशियम पाहायला गेला. आत कुणीच नव्हतं.

"छान आहे," सिंह म्हणाला. "इथे काय करतात?"

"तुमच्याकडे काय करतात?" महाराजांनी विचारलं.

सिंहाने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "खरं सांगू का? आमच्याकडे नुसती पाटी आहे. एका पाखराच्या तोंडून शब्द ऐकला. बरा वाटला."

सिंह जेवून गेला. दोष गुणाजीचा ठरला आणि त्याला ओढ्यापलीकडे घालवून दिलं.

तिथे गुणाजी एका दगडावर बसून राहिला. मग कुणी बघत नाहीसं पाहून त्याने लंगोट झुडपावर टाकला आणि अंगाला वारा लागू दिला. त्याला बरं वाटलं. त्याने नवा हौद खणला. जिम्नेशियम हा शब्द मात्र त्याने तोंडातून काढला नाही. त्याचे वडील तालीम म्हणायचे, तोही तालीम म्हणाला.

हळूहळू वानरं आली. चड्ड्या झुडपावर टाकून आली.

मग लखनौचं एक कबूतर आलं. "तालीम म्हणजे शिक्षण. इथे शिकवता ना?"

मग नाटकवाला मोर आला. "तालीम कुठल्या नाटकाची चालली आहे? मला काम आहे का?"

गुणाजीने नव्या हौदाकडे पाहिलं. त्याने थोडा विचार केला. "हो," तो कबुतराला म्हणाला. "हो," तो मोरालाही म्हणाला. तेव्हापासून तिथे सकाळी कुस्ती होते, दुपारी बाराखडी, आणि संध्याकाळी मोर पदं म्हणतो. पदं चालली की गुणाजी कानात बोटं घालतो, पण मोराला उठवत नाही.

एका पहाटे भैरव महाराज एकटेच ओढा ओलांडून आले. त्यांचं पोट फार सुटलं होतं.

"गुणाजी," ते म्हणाले, "या तालीम शब्दाचा मूळ अर्थ काय रे?"

"आधी बैठका मारा महाराज. मग सांगतो."

महाराजांनी बैठका मारल्या. मग ते जीभ बाहेर काढून लाल मातीत आडवे झाले.

"सांगू आता?" गुणाजीने विचारलं.

महाराजांनी पडल्या पडल्या शेपटी हलवून नको म्हटलं.

तात्पर्य: बाळांनो, शब्दाचा अर्थ ठाऊक नसेल तर कुणालाही विचारू नये. एकाला विचारलं तर मल्लखांब रोवावा लागतो. दुसऱ्याला विचारलं तर तो उपटावा लागतो. आणि मूळ अर्थ सांगणारा भेटला, तर चड्डी घालावी लागते.