सैल काही न खपणारे बापूकाका

आमच्या शेजारचे बापूकाका चहाला आले की कप हातात घेण्याआधी खिशातून पाना काढत. खुर्चीचा पाय, कुकरचा दांडा, दाराची कडी, जे हलेल ते आवळत. एकदा आईची लोणच्याची बरणी त्यांनी अशी बंद केली की उघडायला त्यांनाच बोलवावं लागलं, आणि ती त्यांनाही उघडेना. कपडे वाळत घालायची आमची तार त्यांनी इतकी ताणली की एका ओल्या चादरीने खांबच उपटला. खांब मुळात सैल होता, असं त्यांचं म्हणणं पडलं.

पाणी खात्यात गळके नळ दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. "सैल राहिलं की गळलंच समज गो," हे त्यांचं एकूण जगाबद्दलचं मत.

तेव्हा आमच्या आळीत दोनच मोटारसायकली होत्या. त्यातली जुनी बापूकाकांची. तिला मेकॅनिकचा हात लागलेला त्यांना चालत नसे. त्यांची बायको, शालूकाकू, खाडीपलीकडे गुहागर तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षिका होत्या आणि तिथेच खोली घेऊन राहत. शनिवारी शाळा सकाळची. दुपारी त्या लाँचने जयगडला उतरत आणि काका त्यांना मोटारसायकलवरून घरी आणत, सोमवारी पहाटे परत सोडत. एसटी काकूंना लागायची.

एका बुधवारी काकांनी क्लचची वायर स्वतः बदलली. त्या शनिवारी जयगडच्या चढावर इंजिन नुसतं ओरडायला लागलं आणि गाडी पुढे जाईना. काकू पिशवीतल्या नारळांसकट अर्धा चढ पायी चढल्या. संध्याकाळी आमच्या ओटीवर बसून त्यांनी हसत हसत जाहीर केलं की गाडीचं हे असंच असेल तर आपण आता महिन्यातून एकदाच येणार. सगळे हसले. बापूकाका तेवढे आमच्या झोपाळ्याची कडी आवळत राहिले.

सोमवारी पहाटे काकू लिंबू हुंगत एसटीने गेल्या. त्याच संध्याकाळी काकांनी घरापुढच्या खळ्यात गोणपाट टाकून क्लच उघडला, प्लेटा रॉकेलने धुतल्या आणि वर्तमानपत्रावर पापडांसारख्या वाळत घातल्या. मंगळवारी सगळं जोडून वायर आणखी ताणली. बुधवारी त्याहून ताणली. त्या दिवशी सपाट रस्त्यावरसुद्धा एक गाय गाडीच्या पुढे निघून गेली.

गुरुवारी ते गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक घेऊन माझ्याकडे आले. पुस्तक इंग्रजीत होतं. तू कॉन्व्हेंटातली, वाच आणि मराठीत सांग, म्हणाले. मी शेजाऱ्यांशी मान हलवण्यापलीकडे फारसं बोलत नसे, पण पुस्तकाआड तोंड लपवता येतं. त्यात लिहिलं होतं की क्लचचा दांडा दाबताना सुरुवातीला जरासा मोकळा फिरला पाहिजे. वायर ताणलेली असली तर क्लच कायम थोडा दाबलेलाच राहतो, प्लेटा एकमेकींना घट्ट धरत नाहीत आणि घसरतात.

"म्हणजे सैल ठेवायचं?"

"थोडं."

"मुद्दाम?"

छापणाऱ्याची चूक असेल, असं त्यांनी सुचवून पाहिलं. मी चित्र दाखवलं. दांड्याच्या मुळाशी ठेवायची फट त्यात बाण काढून दाखवली होती. नातेवाइकाची वाईट बातमी असलेल्या पत्राकडे पाहावं तसं ते त्या चित्राकडे पाहत राहिले.

मग गाडीपाशी खाली बसून त्यांनी वायरीचा नट अर्धा फेरा सैल केला आणि माझ्याकडे पाहिलं. आणखी, मी म्हणाले. आणखी अर्धा फेरा. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

आता चढावर वजन घेऊन बघायला हवं होतं. आधी त्यांनी मागच्या सीटवर तांदळाचं पोतं बांधलं, मग ते सोडलं आणि म्हणाले, "पोतं नको. तू बैस." मी आईकडे पाहिलं. आईने मान डोलावली, आणि मी बसले.

गाडी आळीबाहेरच्या चढाला लागली. इंजिन ओरडलं नाही. गाडी चढत होती.

"काहीतरी बोल गो," पुढून बापूकाका म्हणाले.

काय बोलू, मी विचारलं.

"काहीही. ती बोलते. पोरांचं, हेडमास्तरांचं, बाजारात वाल कसे मिळाले त्याचं. जयगडपासून घरापर्यंत दीड तास. एरवी घरात कोण बोलतंय?" थोडा चढ गेल्यावर ते म्हणाले, "एसटीत ती डोळे मिटून बसते."

मग मी बोलले. आमच्या मांजरीबद्दल, चढ संपेपर्यंत.

शनिवारी दिवेलागणीला मोटारसायकल आळीत शिरली. काकूंचा आवाज आधी ऐकू आला, इंजिनाचा नंतर. त्या हेडमास्तरांना नावं ठेवत होत्या. रस्ता सपाट होता, क्लच ठणठणीत होता, आणि बापूकाका पहिल्या गिअरमध्ये, पायी चालणाऱ्याच्या वेगाने येत होते. त्यांचं दार आलं. काकूंचं सांगणं अजून संपलं नव्हतं. काका न थांबता तसेच पुढे कोपऱ्यापर्यंत गेले, आणि सावकाश वळसा घेऊन परत आले.