साळवे सरांची रॉकेटं

जानेवारीतला दुसरा रविवार, दुपारी चार. हजर : साळवे सर, शिंदे अण्णा आणि पंच म्हणून मी. गैरहजर : सरांच्या आतल्या खोलीचं दार.

दार गैरहजर, कारण ते बिजागऱ्यांवरून काढून बाहेरच्या खोलीत दोन स्टुलांवर आडवं टाकलेलं असतं. तीच रणभूमी. तिच्यावर काड्यापेट्यांचं गाव, गोणपाटाच्या टेकड्या आणि शाडूचे बोटभर सैनिक. तांबडे सरांचे, निळे अण्णांचे. अण्णा मूळचे शिंगणापूरकडचे. "आमच्याकडं घरांना दारंच न्हाईत," ते म्हणतात, "पर दारावर लढाई करायचं आमाला बी सुचलं न्हाई."

साळवे सर म्हणजे निवृत्त भूगोल शिक्षक आणि माझे शेजारी. एकटेच असतात. रविवारी चर्चमधून आले की कोट खुंटीला लावतात, जेवतात आणि युद्ध मांडतात. सोसायटीची कामं मी यादी करून उरकते, म्हणून त्यांनी मला पंच नेमलं. नेमताना विचारलं नाही.

खेळ तसा सोपा. आळीपाळीनं सैनिक वीतभर पुढे सरकवायचे. तोफ म्हणजे गोटी. नेम धरून मारली की एकच माणूस पडतो, पण हवा तोच पडतो. रॉकेट म्हणजे मूठभर चिंचोके. स्टीलच्या फूटपट्टीच्या टोकावर ठेवायचे, पट्टी वाकवायची आणि सोडून द्यायची. पुढे काय होईल ते कुणालाच माहीत नसतं. एकदा ते माझ्या चहात पडले. एकदा खिडकीतून खालच्या काकूंच्या पापडांवर. बहुतेक वेळा सरांच्याच फौजेवर.

आपली माणसं जवळ असतील तर रॉकेट सोडू नये, हा नियम सरांनीच केला. मोडतातही तेच. समोर अण्णांचा सैनिक उघडा उभा असतो, हातात गोटी असते, आणि सर ती गोटी खिशात टाकून ओरडतात, "रॉकेट!" त्यांचीच निम्मी पलटण आडवी होते. मग वर बोट दाखवून म्हणतात, "नेम माझा, पडणं त्याचं!"

मला हे काही केल्या समजत नव्हतं. मी एकदा स्पष्टच विचारलं, "सर, जे आपल्याच डोक्यावर पडतं, ते वापरायचं कशाला?"

"प्रश्न चांगला आहे, वहिनी," ते म्हणाले आणि चिंचोके गोळा करायला स्टुलाखाली वाकले.

तर त्या रविवारी सर जिंकत होते. अण्णांच्या हातात एक टेकडी उरली होती. अण्णांनी बराच वेळ दाराकडे पाहिलं. मग मोठ्या जोशात तांबडे सैनिक उचलले आणि निळ्यांच्या टेकडीवर नेऊन ठेवले.

"घेतली का न्हाई टेकडी?"

पंचानं बोलायचं असतं. मी बोलले. "अण्णा, टेकडी तुमचीच होती. आणि माणसं सरांची."

त्यांचा हात हवेतच राहिला. "तांबडे माजे न्हाईत व्हय?"

"तुमचे निळे."

अण्णा उठले आणि टोपी शोधायला लागले. टोपी डोक्यावरच होती. "हे बी ध्यानात ऱ्हाईना आता. मी काय येत न्हाई सर हितनं पुढं. तुमच्या खेळाचा इचका कशाला करू?" ते उंबऱ्यापर्यंत गेलेही.

"रॉकेट!"

सरांची पाळी नव्हती. तरी त्यांनी होते नव्हते तेवढे चिंचोके पट्टीवर घेतले आणि सोडले. तांबडे पडले, निळे पडले, गाव उलथलं, एक चिंचोका सरांच्याच चष्म्यावर बसला. सैनिक फरशीभर झाले. सर खाली बसले आणि एक निळा उचलून त्याच्याकडे टक लावून पाहू लागले.

"अण्णा, हा माझा का हो?"

अण्णा वळले. "त्यो माजा! निळा हाय की!"

"आणि हा?"

"त्यो तुमचा. मास्तर हायत का कोन? सादा रंग कळंना!" अण्णा आत आले आणि टोपी काढून खुर्चीवर ठेवली. "सरका. मी मांडतो. तुमच्या भरवशावर न्हाई जमायचं."

त्यांनी मांडले. निम्मे चुकीच्या बाजूला. मी तोंड उघडलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मिटलं.

अण्णा गेल्यावर सर कप विसळत होते. "दिवाळीआधी मी त्यांना गोटीनं हरवलं," ते म्हणाले. "अगदी स्वच्छ हरवलं. त्यांचं विसरणं तेव्हाच सुरू झालं होतं. मग कित्येक रविवार आले नाहीत. मी दार पुन्हा जागेवर बसवून टाकलं होतं." नळ बंद केला. "रॉकेट पडलं की दोघांचाही सारखाच गोंधळ होतो, वहिनी. मग अण्णा थांबतात, उठून जात नाहीत."

त्यांनी कप पालथे घातले.

"बाजारात जाल तेव्हा निळा रंग आणाल? तांबडेही निळे करून टाकू. मग त्यांनी कुठलाही उचलला तरी चालेल."

"आणि कोण जिंकलं, ते मी कसं सांगायचं?"

सरांनी जरा विचार केला. "अण्णांना विचारायचं. ते म्हणतील ते."

काल दुकानात गेले होते. दुकानदारानं विचारलं, रंग कशाला लावायचाय, लाकडाला की लोखंडाला? शाडूला म्हटलं असतं, पण सगळेच निळे कशासाठी, ते मला नीट सांगता येईना. तशीच परत आले. रविवार तोंडावर आलाय आणि निळा रंग आणायचा राहिलाय.