खालच्या पट्टीपुरती लोकर

निवृत्त नवऱ्याने घरात मदत करू नये, असा कायदाच व्हायला हवा. मी फक्त एका टोपड्यापुरती लोकर शोधायचं ठरवलं होतं. (एवढ्याने संसार उसवू शकतो, हे पेन्शनच्या कागदांत कुठेही लिहिलेलं नव्हतं.)

सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीतल्या बायका घरोघरची उरलीसुरली लोकर गोळा करून सरकारी दवाखान्यातल्या तान्ह्या बाळांसाठी टोपडी विणतात. त्यांची पुढारी आमची उज्वला. मे महिन्यात वर्ध्यात कावळासुद्धा कूलरसमोर येऊन बसतो, हे खरं. पण पौषातली पहाट तान्ह्या डोक्याला सोसत नाही. दुसऱ्या दिवशी टोपडी पोचवायची होती आणि शेवटच्या टोपड्याला लोकर पुरली नव्हती. उज्वला लोकर मागायला अल्लीपूरला बहिणीकडे गेली. ते अर्धवट टोपडं पाहून मला दया आली.

शिवाय सुतातलं मला कळतं. शाळेत टकळीवर सूत कातलेला माणूस आहे मी. (माझं सूत गुरुजी सगळ्या वर्गाला दाखवायचे. कसं असू नये, ते कळावं म्हणून.)

मी लोखंडी पेटी उघडली. डांबराच्या गोळ्यांच्या वासात माझा मरून रंगाचा स्वेटर घडी घालून ठेवलेला होता. हा स्वेटर साक्षगंधानंतर, म्हणजे साखरपुड्यानंतर, उज्वलाने स्वतः विणून पाठवलेला. आमचं लग्न जमवलं रामाजीने. सेलूच्या ऑफिसात त्याचं टेबल माझ्या टेबलाला लागून, आणि त्याची बायको मंदाबाई ही उज्वलाची मावसबहीण. "पोरीले इनकाम येते," असं त्याने माझ्या आईला छातीठोक सांगितलं होतं. त्याचा पुरावा अंगात घालून मी सकाळच्या एस्टीत मुद्दाम खिडकी उघडी ठेवून बसायचो, थंडी वाजावी म्हणून. होळी आली तरी तो अंगातून निघत नसे. काय दिवस होते ते!

आठवड्याभरात रामाजीही हुबेहूब तसाच स्वेटर घालून आला. मंदाबाईने माझ्या होणाऱ्या बायकोची नक्कल केली, हे मी सगळ्या ऑफिसला सांगितलं. लोक आम्हा दोघांना शेजारी उभं करून हसायचे. मला बिचाऱ्या रामाजीची कीव यायची.

आता तो स्वेटर माझ्या पोटावर अडतो. म्हटलं, खालच्या पट्टीतून टोपड्यापुरती लोकर काढू, उज्वलाला कळायचंही नाही. कात्रीने एक टाका तोडला आणि धागा ओढला. हातभर निघाला आणि संपला. कसर लागली असेल म्हणून दुसरी ओळ ओढली. पुन्हा तुकडा. पुढची ओळ तरी अखंड निघेल, या आशेवर मी ओढत गेलो आणि तुकड्याला तुकडा गाठ मारून जोडत गेलो. चहाच्या वेळेपर्यंत स्वेटरचं ब्लाउज झालं. दिवेलागणीला एक कॉलर आणि दोन बाह्या उरल्या, आणि हातात एक गुंडा, ज्यात लोकरीपेक्षा गाठी जास्त.

तेव्हा मात्र मी कात्री खाली ठेवली. उज्वलाने नवी नवरी होण्याआधी माझ्यासाठी रात्री जागून घातलेले टाके मी माझ्याच हाताने उसवले होते. मला अगदी रडू यायला लागलं.

तेवढ्यात उज्वला आली.

"काहो, हे काय करून ठेवलं?"

"उज्वला, तुझा स्वेटर... साक्षगंधाचा... मी फक्त खालची पट्टी..."

ती मटकन खाटेवर बसली. गुंडा हातात घेऊन एकेक गाठ चाचपू लागली. मग तिने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलायला लागले.

"रडू नको गं," मी म्हणालो, "मी पुन्हा विणून देतो."

तिने पदर काढला. बाई हसत होती!

"हातानं इनलेलं उसवलं तं एकच धागा निघते, सरसर. तुकडे निघाले तवाच समजाले पायजे होतं तुमाले. मोठे टकळीवाले म्हनवता!"

"म्हणजे?"

"म्हंजे मशीनचं होये ते. कापड कापून शिवलेलं. बजारातलं. मले तवा सुई धराले येत नव्हती. रामाजी भाऊजी तुमच्या आईले सांगून बसले, इनकाम येते म्हून. मंग त्यायनंच नागपूरहून दोन स्वेटर आनले. एक तुमाले, एक सोताले."

(ऑफिसातले लोक इतकी वर्षं नेमके कोणाला हसत होते, ते मला तेव्हा कळलं.)

"मग तू विणायला शिकलीस कधी?"

"लग्न झाल्यावर. तुमी गावभर सांगत फिरत होते, हिच्या हातचं हाये, हिच्या हातचं हाये. सासूबाईनं शाल मांगतली. भेवानं शिकली म्या! दर थंडीत वाटे, आता सांगून टाकाव. पन तुमी तान्हं लेकरू उचलल्यावानी ते पेटीतून काढत. मंग कोन्या तोंडानं सांगू?"

आईची शाल, आमच्या लेकीचे, मयुरीचे, शाळेचे स्वेटर, आता ही टोपडी: सगळं माझ्या खोट्या बढाईतून विणलं गेलं होतं. मला भरून आलं. उज्वलानेही डोळे पुसले, पण ते हसण्याचं पाणी असावं.

अल्लीपूरच्या लोकरीने ते टोपडं पुरं झालं. माझे तुकडे तिने गाठी कापून गोंड्यांना वापरले, आणि टोपडी मरून गोंडे मिरवत दवाखान्यात गेली.

संक्रांतीला तिने मला खराखुरा, स्वतःच्या हातचा स्वेटर दिला. टोपड्यांतून उरलेल्या लोकरीचा. पोट पोपटी, पाठ गुलाबी, एक बाही निळी, दुसरी कोपरापर्यंत पिवळी आणि पुढे जे सापडलं ते. तो घालून मी ताठ मानेने रामाजीकडे गेलो. आज तो विचारणारच, बाजारातून आणला का म्हणून!

रामाजीने चष्मा लावला. मला पुढून पाहिलं, गोल फिरवून मागून पाहिलं.

"हे मातर उज्वलानंच इनलं, किशोरभाऊ," तो म्हणाला. "बजारात असलं कोनी फुकट बी नेनार नाई."