चिंचोक्यावर सुटणारा चाप

एका जंगलात (पुढे सरका रे, मागच्यांना ऐकू येत नाही) वाघ म्हातारा झाला आणि शाकाहारी बनला. त्यामुळे इतर प्राण्यांना जीव मुठीत धरून पळायची गरज उरली नाही. सगळ्यांकडे वेळच वेळ आला. वेळ आला की छंद येतो, बाळांनो, आणि छंदाच्या मागोमाग त्याचं सामान येतं.

त्या जंगलाला नेमबाजीचा छंद लागला. कोणावर गोळी झाडायची नाही, असा कडक नियम होता. बांधावर भोपळे मांडायचे आणि पिस्तुलाने फोडायचे, एवढंच. दरवर्षी चाचणी व्हायची आणि तिच्यातले पहिले तिघे नदीपलीकडच्या जंगलात सामन्याला जायचे.

अंबादास साळिंदर या तिघांत नेहमी असे. दिसायला काटेरी, पण स्वभावाने गरीब. त्याच्या काट्यांमुळे पंगतीत त्याच्या शेजारी कोणी बसत नसे. सभेला तो आला की आजूबाजूची गर्दी आपोआप विरळ होई. सामन्याला जाताना मात्र तिघांना एकाच होडीत बसावं लागे, एकाच चटईवर झोपावं लागे. वर्षातून तेवढे दिवस अंबादासला कोणाचा तरी खांदा लागायचा. भोपळे तो त्यासाठी फोडायचा. भोपळ्यांशी त्याचं काही वैर नव्हतं.

आता पिस्तूल कसं चालतं ते सांगतो. बोटाने ओढायचा तो चाप. चाप ओढला की मागचा घोडा सुटतो. घोड्याला जोर देते ती एक स्प्रिंग. त्या जोराने घोडा पुढे आपटतो, गोळीच्या बुडावर दणका बसतो आणि ढाण्! स्प्रिंग कडक असली की चाप जड लागतो, नरम असली की चाप लोण्यासारखा. कळलं? मग तुम्ही त्या जंगलातल्या पुष्कळांपेक्षा हुशार आहात.

त्या जंगलात एक रीत पडली होती. पाणवठ्यावर कोणी भेटलं की आधी नमस्कार. मग त्याचं पिस्तूल हातात घ्यायचं, रिकामं आहे ना ते बघायचं, डोळे मिटून चाप ओढायचा आणि म्हणायचं, "अंमळ जड आहे." "ठीक आहे" असं कोणी म्हणत नसे. तसं म्हणणाऱ्याला यातलं काही कळत नाही, असं सगळे समजत.

यंदा चाचणीच्या आधी अंबादासचं पिस्तूल धनेशरावांच्या हाती पडलं. धनेशराव म्हणजे मोठ्या चोचीचा पक्षी. उंबराच्या ढोलीत त्यांनी तऱ्हेतऱ्हेच्या स्प्रिंगा बांबूच्या नळ्यांत भरून ठेवल्या होत्या. त्यांनी स्वतः कधी भोपळा फोडलेला कोणी पाहिला नव्हता. पण दुसऱ्याचा का फुटला नाही, हे त्यांच्याइतकं झकास कोणी सांगत नसे.

त्यांनी चाप ओढला आणि चोच वाकडी केली.

"अंबादासराव, हा चाप आहे की विहिरीवरचा रहाट?"

"पण भोपळे फुटतात हो याने."

"फुटतात. पण ते तुमच्या जिद्दीमुळे, पिस्तुलामुळे नव्हे! तरसाने बघा, नवी स्प्रिंग घातली. त्याचा चाप आता लिंबावर सुटतो."

चापाला फळ टांगून बघायची तिथे पद्धत होती. ज्या फळाच्या वजनाने चाप सुटेल, ते त्या चापाचं माप. अंबादासचा चाप कवठावर सुटायचा. तोही चांगलं टपोरं कवठ असेल तर.

तरस दरवर्षी त्याच्या पाठोपाठ चौथा यायचा. तरस पुढे गेला की होडीतली जागा गेली. त्याने तिथल्या तिथे नवी स्प्रिंग मागितली.

ती घातल्यावर चाप लिंबावर आला. काय सांगू, अंबादासला आपलं बोट परक्याचं वाटू लागलं! पण आता चाप ओढल्यावर परत यायला कुचराई करू लागला. म्हणून चापामागची स्प्रिंग बदलली. मग पिस्तुलाचं वरचं झाकण मागे खेचायला जड वाटू लागलं. तीही स्प्रिंग बदलली. तोवर तरस सुपारीवर आल्याची बातमी आली, म्हणून घोड्याची स्प्रिंग पुन्हा बदलली.

रोज संध्याकाळी अंबादास बिळात बसून रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढायचा. टक्. टक्. तो आवाज त्याला इतका गोड लागे की तो पिस्तूल बायकोच्या कानाशी नेई.

"ऐक, वत्सला. ऐक नुसतं."

"ऐकलं. पण अहो, गोळी घालून झाडून बघितलंत का?"

"आधी चाप तर बसू दे!"

"तुमचा चाप बसेपर्यंत भोपळ्यांची भाजी व्हायची."

शेवटी तिच्या समाधानासाठी तो बांधावर गेला. पहिली गोळी सुटली. दुसऱ्या वेळी नुसतं टक् झालं. तिसऱ्या वेळीही टक्. घाबऱ्याघुबऱ्या तो धनेशरावांकडे धावला.

"गोळीचं बूड कडक आहे," धनेशराव शांतपणे म्हणाले. "दोष गोळीचा. उगाच स्प्रिंगेला नावं ठेवू नका."

अंबादासचा जीव भांड्यात पडला. दोष दुसऱ्या कोणाचा तरी निघाला की किती हलकं वाटतं, हे तुम्हाला परीक्षेनंतर कळेलच. त्याच आनंदात त्याने आणखी नरम स्प्रिंग घेतली. चाप चिंचोक्यावर सुटू लागला. पाणवठ्यावर एकच खळबळ उडाली. ज्यांनी अंबादासला कधी जवळ केलं नव्हतं, ते वाकून वाकून तो लोंबणारा चिंचोका पाहू लागले.

चाचणीचा दिवस उजाडला. बांधावर भोपळे मांडले. पंच होता गवा. त्याने हुंकार दिला, "झाडा!"

अंबादासने नेम धरला. हात स्थिर होता. चाप ओढला. टक्.

पुन्हा ओढला. टक्.

शेजारून तरसाचंही टक् ऐकू आलं. त्याच्या पलीकडे भेकराचं टक्. सगळ्या रांगेतून टकटक सुरू झाली आणि बांधावरचे भोपळे मजेत ऊन खात राहिले.

मग एकदम ढाण्! ढाण्! ढाण्! रांगेच्या टोकाला एकेक भोपळा फुटू लागला. तो होता कोंडाजी खवल्या. हा अंगभर खवले असलेला प्राणी मुटकुळं करून झोपतो तो झोपतोच. यंदा तो पाणवठ्यावर फिरकलाच नव्हता, त्यामुळे त्याचा चाप जड आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

गवा खूश झाला. "कोंडाजी संघात! बाकीचे दोघे कोण?"

अंबादास मान खाली घालून उभा होता. होडी, चटई, सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून वाहून चाललं होतं. त्याला रडू येत होतं.

तेवढ्यात धनेशराव फांदीवरून खाली आले.

"पंचसाहेब, भोपळे काय, रानडुकरंही डोक्याने फोडतात. त्यात कला कसली? आणि या कोंडाजीचा चाप बघा." त्यांनी चापाला कवठ टांगलं. चाप हलला नाही. दुसरं टांगलं, तेव्हा कुठे सुटला. "हे पिस्तूल घेऊन परक्या जंगलात जायचं? आपली काय शोभा राहील?"

प्राण्यांत कुजबुज झाली. बहुतेकांनी माना डोलावल्या, कारण बहुतेकांचे भोपळे शाबूत होते. गव्याने बहुमत पाहिलं आणि नियम बदलला: ज्याचा चाप सगळ्यांत हलका, तो पहिला. कोंडाजीला घरी पाठवलं. तो जाऊन झोपला. संघात अंबादास पहिला आला, मग तरस आणि भेकर.

नदीपलीकडे काय झालं ते विचारू नका. तिकडच्यांनी सगळे भोपळे फोडले, आपल्यांनी एकही नाही. तरी परतल्यावर काठावर मिरवणूक निघाली. तिकडे एकाचाही चाप सुपारीच्या खाली नव्हता म्हणे!

त्या संध्याकाळी पाणवठ्यावर अंबादासभोवती ही गर्दी झाली. काटे टोचत होते, तरी सगळे खेटून बसले होते. तरस तर जवळजवळ मांडीवर आला होता.

"अंबादासराव," तरस हळूच म्हणाला, "खरं सांगा. गोळी सुटत नाही ती स्प्रिंगेमुळेच ना? जुनी घालू का परत?"

अंबादासला उत्तर ठाऊक होतं. त्या होडीत परत येताना त्याला ते लख्ख कळलं होतं. त्याने एकदा तरसाकडे पाहिलं, एकदा भोवतालच्या गर्दीकडे पाहिलं. हो म्हटलं तर उद्या सगळे बांधावर जाणार, आपापला भोपळा फोडणार आणि आपापल्या घरी जाणार.

"छे छे," अंबादास म्हणाला. "अजून नरम घ्या. आणि बसा, घाई काय आहे?"

तात्पर्य: मुलांनो, नेम चुकला तर आपण एकटे पडतो आणि नेम लागला तर त्याहून एकटे पडतो. पिस्तूल बिघडलं, की मात्र सल्ला द्यायला आणि घ्यायला सगळं गाव जवळ येऊन बसतं. म्हणून चालू पिस्तूल मुळीच बाळगू नये.